क्लस्टर टाकण्याआधी डिस्कची नावं पक्की करा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात दोन लिनक्स सर्व्हरवर ओरॅकल रॅक (दोन सर्व्हरनी मिळून एकच डेटाबेस चालवायचा क्लस्टर) टाकत होतो. डिस्क दोघांच्या सामायिक. पहिल्यावर जी डिस्क ‘एसडीबी’, तीच दुसऱ्यावर ‘एसडीडी’! लिनक्स ही नावं डिस्क सापडेल त्या क्रमाने देतं. रीबूटनंतर ती बदलूही शकतात. परवानग्या या नावांवर बांधल्या, की एखाद्या सकाळी एएसएमला (ओरॅकलचा डिस्क सांभाळणारा भाग) डिस्कच उघडता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे ‘रिकामी दिसतेय’ म्हणत कुणीतरी चालू डिस्क फॉरमॅट करतं.

म्हणून आधी प्रत्येक लनचा (स्टोरेजमधून सर्व्हरला दिलेल्या डिस्कचा) डब्ल्यूडब्ल्यूआयडी, म्हणजे तिचा कधी न बदलणारा ओळख क्रमांक, वहीत (हो, वहीतच) उतरवून घ्या. मल्टिपाथमध्ये (एकाच डिस्ककडे जाणारे अनेक मार्ग एकत्र सांभाळणारी लिनक्सची सोय) त्याला ‘व्होट१’, ‘डेटा१’ असं टोपणनाव द्या आणि तीच नावं दुसऱ्या सर्व्हरवरही ठेवा. यूडेव्हच्या (लिनक्समध्ये डिस्कची नावं-परवानग्या ठरवणारा भाग) नियमात मालकी ग्रिड यूजरची (ज्या खात्यावर क्लस्टर चालतो), परवानगी ०६६०, म्हणजे वाचणं-लिहिणं फक्त मालक आणि त्याच्या गटाला. नॉर्मल रिडन्डन्सीला (एएसएम डेटाच्या दोन प्रती ठेवतं तो प्रकार) व्होटिंग डिस्क, म्हणजे कुठला सर्व्हर क्लस्टरमध्ये आहे ते ठरवणाऱ्या डिस्क, ३ लागतात. निम्म्याहून जास्त दिसेनाशा झाल्या तर तो नोड (सर्व्हर) क्लस्टरबाहेर जातो.

मग दोन्ही सर्व्हर रीबूट करा आणि स्टोरेजकडे जाणारी एक फायबर केबल खरोखर उपसून बघा. सोलापूरच्या मे महिन्यात, एसी दमलेला असताना दुपारी दोनला ही परीक्षा द्यायची नसेल तर आत्ताच. उरलेला मार्ग ‘ॲक्टिव्ह’ दिसला, डिस्क वाचता येत राहिली, की मगच इन्स्टॉलर सुरू करून चहाला उठा.