८४५ चा सिंगल-एंडेड अँप्लिफायर: आधी पॉवर सप्लाय, मग बाकीचं

८४५ हा रेडिओ ट्रान्समीटरच्या मॉड्युलेटरमध्ये (आवाजाचा सिग्नल रेडिओलहरीवर चढवणाऱ्या भागात) राबणारा ट्रायोड, म्हणजे फिलॅमेंट, ग्रिड आणि प्लेट असे तीन भाग असलेला व्हॉल्व्ह (निर्वात नळी). सिंगल-एंडेड म्हणजे चॅनलचं आउटपुटचं सगळं काम असा एकच व्हॉल्व्ह करतो. त्याचा भाऊबंद २११ घेतला तर ड्राइव्ह (ग्रिडला द्यावा लागणारा सिग्नल) कमी लागतो, पण त्याचा अंतर्गत रोध जवळपास दुप्पट, म्हणून आउटपुट ट्रान्सफॉर्मर जड जातो. माझी पसंती ८४५ लाच. खालचे आकडे एका चॅनलचे आहेत. तो पूर्ण तपासून झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका.

प्लेट ते फिलॅमेंट १००० व्होल्ट, ग्रिड उणे १५५, प्रवाह ६५ मिलीअँपिअर, लोड ९००० ओहम. साधारण २० वॉट मिळतात. प्लेटवर ६५ वॉट खर्च होतात आणि मर्यादा १०० ची आहे, त्यामुळे व्हॉल्व्ह टिकतो. बायस (ग्रिडचं हे उणे व्होल्टेज) कॅथोड रेझिस्टरने, म्हणजे फिलॅमेंट आणि जमीन यांच्यामधल्या रेझिस्टरने घ्या: २४०० ओहम, ५० वॉट. तो १५५ व्होल्ट खातो, म्हणून सप्लाय ११७५ च्या आसपास हवा.

इथेच थांबून नीट विचार करा. चोकनंतर (सप्लायमधली लहर दाबणाऱ्या कॉइलनंतर) मी १५० मायक्रोफॅरडचे, ४५० व्होल्टचे चार कपॅसिटर सिरीजमध्ये लावतो. त्यांत सुमारे २६ ज्यूल साठतात, आणि तेवढे जीव घ्यायला पुरतात. प्रत्येक कपॅसिटरवर २२ किलोओहम, ५ वॉटचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये जोडा. एकूण आठ झाले. यांची तीन कामं: चौघांवर व्होल्टेज सारखं वाटणं, बंद केल्यावर चार्ज उतरवणं आणि मोजणी. साध्या मल्टिमीटरची मर्यादा बहुधा १००० व्होल्टची असते, तो थेट सप्लायवर लावायचा नाही. जमिनीकडच्या शेवटच्या रेझिस्टरवर मोजा आणि आठाने गुणा. तिथे १४७ दिसले की वर ११७६ आहेत. प्रोब स्विच लावण्याआधीच क्लिपने अडकवून ठेवा. बंद केल्यावर प्लग काढा, मिनिटभर थांबा, मीटर शून्याजवळ आल्याचं बघा आणि मगच आत हात घाला, तोही एकच.

व्हॉल्व्ह लावण्यापूर्वी सप्लायला १८ किलोओहमचा, १५० वॉटचा खोटा लोड द्या. तो ६५ मिलीअँपिअर ओढतो. अर्धा तास चालवून ट्रान्सफॉर्मर किती तापतो ते पाहा.

फिलॅमेंटला १० व्होल्ट, ३.२५ अँपिअर लागतात. एसीवर गुणगुण ऐकू येते, म्हणून डीसी द्या आणि व्होल्टेज सॉकेटच्या पिनांवरच मोजा. वायरिंगमध्ये पडणारा ड्रॉप तिथेच कळतो. पाच टक्क्यांपेक्षा फरक नको. हा सप्लाय जमिनीला जोडायचा नाही, कारण फिलॅमेंट १५५ व्होल्टवर तरंगत असतो. म्हणूनच प्रत्येक ८४५ ला स्वतंत्र वाइंडिंग हवं.

ड्रायव्हरमध्ये (८४५ च्या ग्रिडला सिग्नल पुरवणाऱ्या आधीच्या टप्प्यात) काटकसर करू नका. ग्रिडवर शिखर ते शिखर ३१० व्होल्टचा झोका हवा, आणि एकटा ६एसएन७ (एका काचेत दोन छोटे ट्रायोड असलेला व्हॉल्व्ह) तो स्वच्छ देता देता दमतो. आधी ६एसएन७ चा अर्धा भाग आणि त्यानंतर ट्रायोडसारखा जोडलेला ईएल३४ हा पॉवर व्हॉल्व्ह, ही माझी आवडती जोडी. ८४५ चा आवाज मवाळ वाटतो अशी तक्रार ऐकली की मी आधी ड्रायव्हरच बघतो.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर एअर गॅपचाच, म्हणजे कोअरमध्ये बारीक फट ठेवलेला हवा. ६५ मिलीअँपिअर डीसी एकाच दिशेने वाहतो. गॅप नसेल तर कोअर सॅच्युरेट होतो (त्याची चुंबकत्व पेलायची मर्यादा संपते) आणि बास जातो. या प्रवाहावर प्रायमरी इंडक्टन्स निदान २० हेन्री मागा, आणि इन्सुलेशन किती व्होल्टला तपासलं ते विचारून घ्या.

पहिल्यांदा चालू करताना स्पीकर नको, सेकंडरीवर ८ ओहम, २५ वॉटचा रेझिस्टर. सेकंडरी मोकळी ठेवून सिग्नल दिला तर प्रायमरीवर उसळणारं व्होल्टेज इन्सुलेशन फोडू शकतं. आधी फिलॅमेंट आणि ड्रायव्हर, अर्ध्या मिनिटाने हाय व्होल्टेज. कॅथोड रेझिस्टरवर १५५ च्या जवळपास दिसले की बायस बसला. १९० च्या पुढे चढत गेलं तर लगेच बंद करा. ग्रिड लीकची (ग्रिड ते जमीन या रेझिस्टरची) जोडणी आणि ड्रायव्हरकडून ग्रिडला सिग्नल नेणारा कपलिंग कपॅसिटर गळका नाही ना, हे आधी तपासा.

स्पीकर लावल्यावर थोडी घरघर राहिली तर ड्रायव्हरचा व्हॉल्व्ह काढून बघा. घरघर थांबली तर दोष ड्रायव्हरच्या सप्लायमध्ये किंवा अर्थिंगमध्ये. तशीच राहिली तर फिलॅमेंटचं फिल्टरिंग वाढवा, आणि चोक व आउटपुट ट्रान्सफॉर्मर एकमेकांना काटकोनात फिरवून बसवा.