या चुका टाळा : स्मरणशक्तीच्या चाचणीत भाषेचा घोळ

खानापूर, निपाणी, चिकोडीकडचा माणूस घरी मराठी बोलतो, बाजारात कानडी. त्याचे विस्मरणाच्या चाचणीत गुण कमी पडले, की मेंदूवर ठपका ठेवण्याआधी चाचणी कोणत्या भाषेत झाली ते विचारा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कानडी चाचणी सुनेनं तिथल्या तिथं मराठीत सांगणं. ती एखादा शब्द दोनदा म्हणते, आजी अडल्या की खुणावते. मग ते गुण निम्मे सुनेचे! तिला बाहेर बसवा. आजी घरात काय विसरतात ते मात्र तिच्याकडूनच, वेगळं विचारून घ्या.

शाळेचं माध्यम आणि मनातल्या हिशेबाची भाषा आधी नोंदवा. १०० मधून ७ गेले तर मराठीत 'त्र्याण्णव', म्हणजे तीन आधी. कानडीत 'तोंबत्तमूरु', नव्वद आधी. सवय नसलेल्या भाषेत वजाबाकी अडखळते आणि शेरा पडतो 'लक्ष कमी'. एका मिनिटात प्राण्यांची नावं सांगताना दोन्ही भाषा आल्या तर सगळं लिहून घ्या. 'कुत्रा' आणि कानडी 'नायी' मात्र एकच प्राणी.

स्थळकाळाचे प्रश्न इथं जरा नाजूक. गावाचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, म्हणून 'बेळगाव' म्हणणाऱ्याचा गुण कापू नका. राज्य 'महाराष्ट्र' सांगितलं, तर ते विस्मरण नसून मत असू शकतं (सीमाभागात हे वेगळं सांगायला नको). 'आधार कार्डावर काय छापलंय?' असं पुन्हा विचारा. महिना 'श्रावण' सांगितला तर कालनिर्णय बघून ठरवा.

मोका (MoCA) या स्मरण-लक्ष तपासणाऱ्या चाचणीत १२ वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षणाला १ गुण वाढवून देतात. पेन्सिलच न धरलेल्या बाईला तेवढा पुरत नाही. तिनं घनाचं (ठोकळ्याचं) चित्र काढलं नाही म्हणून निदान करू नका.

चष्मा आणि श्रवणयंत्र घरी विसरू नका, सेल तपासा. झोपेच्या गोळीचं नाव सांगा, पण ती आपल्या मनानं बंद करू नका. अल्प्राझोलामसारखी गोळी अचानक तोडल्यास फीट येऊ शकते. तापात किंवा ऑपरेशननंतर बरळणं चालू असताना चाचणी नकोच. बी१२, थायरॉइड, सोडियम तपासून घ्या. नैराश्यातही माणूस 'आठवत नाही' म्हणून लवकर हात टेकतो.

महिन्याभरात तीच चाचणी पुन्हा केली तर सरावानंच गुण वाढतात.

नैराश्यावरच्या समुपदेशनाला दोन वेळा जाऊन 'नुसतं बोलतात' म्हणून सोडणंही नेहमीचंच. नैराश्यासाठीची विचार-वर्तन उपचारपद्धती साधारण १२ ते २० आठवडे चालते. त्यातली विचारांची वही लिहिता येत नसेल, तर मोबाइलवर बोलून ठेवलं तरी चालतं.

अहवालावर चाचणीची भाषा, शिक्षणाची वर्षं, चालू औषधं आणि मानसतज्ज्ञाचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक आहे का ते बघूनच बाहेर पडा. पुढे धारवाडच्या डिम्हान्सला (मानसिक आरोग्य आणि मेंदूविकार संस्थेत) जावं लागलं, तर तिथं हेच आधी विचारतील.