खड्डा बुजवला तरी पुन्हा उखडत होता

वळणावरचा एकच खड्डा तीनदा भरला, तीनदा उखडला. दोष डांबराचा नव्हता, खाली पाणी मुरत होतं. म्हणून चौथ्या वेळी आधी कडेचं तुंबलेलं गटार मोकळं केलं. मग सैल भाग काढत पक्का रस्ता लागेपर्यंत खड्डा चौकोनी, उभ्या कडांचा कापला. तिरक्या कडेवर पातळ पडलेला माल चाकाखाली सर्वांत आधी सुटतो. धूळ झाडून तळाला आणि कडांना इमल्शनचा, म्हणजे पाण्यात मिसळलेल्या डांबराचा, पातळ हात दिला. ते तपकिरीचं काळं होईपर्यंत थांबायचंच, घाई इथेच नडते. गरम माल ५० मिमीच्या थरांनी टाकून प्रत्येक थर कडेकडून मध्याकडे दाबला. वरचा थर रस्त्यापेक्षा ५ मिमी उंच ठेवला. वाहतुकीने तो बसतो. सांध्यांवर डांबर ओतून बारीक कच पसरली.