ओट्यावर कहाण्या सांगणाऱ्या काकूंचे चरित्र कसे लिहावे

बडोद्याच्या जुन्या वस्तीत अजूनही अशा एखाद्या काकू असतात, ज्यांच्या ओट्यावर श्रावणातल्या सोमवारी पोरेबाळे, सुना आणि निवृत्त मंडळी कहाणी ऐकायला जमतात, आणि ज्यांच्या दारी उरलेल्या दिवसांत कुणाच्या औषधाची चिठ्ठी, कुणाच्या शाळेची फी, तर कुणाच्या घरचा अडलेला डबा येऊन पोहोचतो. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्ताने पुस्तिका काढायचे ठरते, आणि जन्म, शिक्षण, विवाह, अपत्ये, सत्कार अशा क्रमाने असा मजकूर तयार होतो की त्यात काकू सोडून सगळे असते. आमच्या पोळीत (खायची पोळी नव्हे, एका दरवाज्याआडच्या घरांच्या गल्लीला इकडे पोळ म्हणतात) अशी एक पुस्तिका सिद्ध करताना माझाही पहिला खर्डा याच वळणाने गेला होता. तो फाडल्यानंतर जी पद्धत हाती आली, ती येथे मांडत आहे.

पहिल्या बैठकीत काकूंना त्यांच्या आयुष्याविषयी काहीही विचारू नये. ‘तुमच्या जीवनाबद्दल सांगा’ असे म्हटले की माणूस सावरून बसतो आणि सत्काराच्या भाषणासारखे बोलू लागतो. त्याऐवजी त्यांना एक कहाणी सांगायला सांगावे, आणि ती शक्यतो सोमवारची, खुलभर दुधाची असावी. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा म्हणून राजा गावातले सगळे दूध देवळात आणवतो, तरी गाभारा भरत नाही. मग एक म्हातारी घरातल्या मुलाबाळांना खाऊपिऊ घालून, वासरांना पाजून, उरलेले खुलभर दूध घेऊन येते आणि गाभारा भरतो, ही कहाणी बहुतेकांना पाठ असते. पाठ असल्यामुळेच सांगणारी व्यक्ती तिच्यात स्वतःचे काय घालते, ते चटकन दिसते. आमच्या काकूंची म्हातारी मुले आणि वासरे झाल्यावर थेट देवळाकडे निघत नसे. ती वाटेत एका घरी थांबे, तिथल्या आजारी माणसाला ‘वाडकीभर’ दूध देई, आणि मगच पुढे जाई. हे घर दर वर्षी बदलत असे. चार निरनिराळ्या वयांच्या श्रोत्यांकडून तीच कहाणी ऐकल्यावर लक्षात आले की ज्या वर्षी काकू ज्या घरी प्रत्यक्ष डबा पोहोचवत होत्या, त्या वर्षी कहाणीतली म्हातारी त्याच घरी थांबत होती. त्यांच्या समाजकार्याचा दुसरा कोणताही लेखी पुरावा आमच्याजवळ नव्हता. म्हणून एकच कहाणी काकूंकडून दोनदा आणि श्रोत्यांकडून निदान तीन-चार वेळा ऐकावी, आणि जिथे फरक पडतो तिथे थांबून त्याचे कारण विचारावे.

ध्वनिमुद्रणासाठी साधा मोबाइल पुरतो. मात्र तो विमान मोडवर ठेवावा, त्याखाली घडी केलेला टॉवेल घालावा, पंखा बंद करावा आणि कुकर लागण्याची वेळ टाळावी. आमची पहिली चाळीस मिनिटे झोपाळ्याच्या कड्यांच्या कुरकुरीत बुडाली. दुसऱ्या खेपेस काकूंना खुर्चीवर बसवले, तर आवाज स्वच्छ आला, पण कहाणी आली नाही. पायाने झोका घेतल्याशिवाय त्यांना शब्दच सुचत नव्हते. शेवटी कड्यांना तेल घातले आणि त्यांना पुन्हा झोपाळ्यावर बसवले. बैठक तासाभराहून लांबवू नये, आणि घरी आल्याबरोबर फाइलला तारीख व विषय देऊन तिची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवावी.

सनावळी हे काम सर्वांत किचकट असते, कारण काकूंना साल आठवत नाही, प्रसंग आठवतो. म्हणून सर्वांना ठाऊक असलेल्या घटनांची एक यादी आधी तयार ठेवावी: सयाजीराव महाराजांचे निधन ६ फेब्रुवारी १९३९ रोजी झाले, बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, १ मे १९६० रोजी गुजरात राज्य झाले, १९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झाले, २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी भूकंप झाला, आणि २०१९ व २०२४ च्या पावसाळ्यात विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले. ‘हे भूकंपाच्या आधीचे की नंतरचे?’ या प्रश्नाला जितके नेमके उत्तर मिळते, तितके ‘कोणत्या साली?’ या प्रश्नाला कधीही मिळत नाही. जुन्या वहीवर किंवा पत्रिकेवर विक्रम संवत असेल, तर गुजरातेत ते कार्तिकात बदलते, हे विसरू नये. दिवाळीनंतरच्या पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत संवतातून ५७ वजा करावेत, आणि जानेवारीपासून आश्विन अमावास्येपर्यंत ५६. चैत्रापासून वर्ष मोजण्याच्या आपल्या सवयीमुळे येथे हमखास एका वर्षाची चूक होते. आमच्याकडून ती काकूंच्या लग्नाच्या सालातच झाली.

वाचायला कोणी शिकवले, हा प्रश्न अवश्य विचारावा. बडोदे संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संस्थानभर सुरू झाले, आणि १९१० पासून ग्रंथालयांची चळवळ उभी राहिली. त्यामुळे काकूंच्या आईने कहाण्यांची पोथी स्वतः वाचली होती की केवळ ऐकली होती, यावरून त्यांच्या सांगण्याचे मूळ पुष्कळ उलगडते.

ध्वनिमुद्रण कागदावर उतरवताना भाषा ‘शुद्ध’ करू नये. आमच्यातल्या एका उत्साही तरुणाने ‘वाडकी’च्या जागी सर्वत्र ‘वाटी’ केली होती. वाडकी हा शब्द गुजराती आहे, हे खरे. पण बडोद्याच्या मराठी घरात दूध वाडकीतच ओतले जाते, आणि वाटी म्हटले की त्या काकू पुण्याच्या होतात.

मदतीचे प्रसंग लिहिताना हात आखडता घ्यावा. ज्यांना मदत झाली, त्यांची नावे, आजार आणि रकमा छापू नयेत; ते स्वतः ‘छापा’ म्हणाले, तरी त्यांच्या मुलांना विचारावे. कहाणीत काकू घराचे नाव घेत असत, पण आम्ही पुस्तिकेत केवळ ‘एक घर’ असे लिहिले, आणि त्यामुळे मजकूर फिका झाला हे मान्य करूनही तो निर्णय मला योग्य वाटतो. याउलट काकूंचा हट्टीपणा वगळू नये. वर्गणीच्या हिशेबावरून त्यांनी एका मंडळाशी दोन वर्षे बोलणे टाकले होते, हे कुटुंबाला छापायला नको होते. काकूंनी मात्र तो भाग वाचून घेतला आणि दोन नव्हे, तीन वर्षे, अशी दुरुस्ती सांगितली. अंतिम संमती काकूंचीच घ्यावी, आणि ती छपाईपूर्वी घ्यावी.

छपाईसाठी पृष्ठसंख्या आठच्या किंवा सोळाच्या पटीत ठेवली, तर कागद वाया जात नाही. जुनी छायाचित्रे अल्बममधून ओढून काढू नयेत. अल्बमसकट स्कॅन करावीत, आणि निदान ३०० डीपीआयने करावीत. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला एक प्रत आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत आपणहून द्यावी.

शेवटी दोन पाने कोरी सोडावीत. आमच्या पुस्तिकेची पहिली प्रत ज्या शेजारणीला दिली, त्यांनी ती रात्रीत वाचली आणि सकाळी कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून आणले की २०१९ च्या पुराच्या वर्षी म्हातारी एका नव्हे, दोन घरी थांबली होती, आणि त्यातले दुसरे घर त्यांचे होते.