हात लुळा पडला की ‘पित्त असंल’ म्हणत बसू नका: मायग्रेनवाल्या घरातल्या चुका

आमच्या वहिनींना हेमिप्लेजिक मायग्रेन आहे. म्हणजे अटॅक आला की अर्ध्या अंगातली ताकद जाते, जीभ जड होते, डोळ्यापुढं नागमोडी चमकतं, आणि डोकं दुखायला लागतं ते बऱ्याचदा नंतर. पहिल्यांदा झालं ते नवरात्राच्या उपवासात, हातातनं कप निसटला आणि "फडकं द्या" म्हणायचं तर तोंडातनं भलतंच काहीतरी आलं. घरात निम्मी माणसं म्हणाली पित्त, आत्ती मीठ-मिरच्या घेऊन दृष्ट काढायला उठल्या, शेजारच्या काकांनी कांदा फोडून नाकाला लावला. दृष्ट काढा की, कोण नको म्हणतंय, पण गाडी दवाखान्याकडं निघाल्यावर काढा.

कारण वाट बघणं हीच सगळ्यात मोठी चूक. हा पॅरालिसिसचा झटका असला तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि हे तास लक्षणं सुरू झाल्यापासून मोजतात, दवाखान्यात पोचल्यापासून नाही. त्यामुळं माणूस शेवटचं नीट कधी बोलला ती वेळ बघून ठेवा, डॉक्टर ते आधी विचारतात. तोंड वाकडं, हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन. सीटी स्कॅन रात्री कुठं चालू असतं हे आधीच विचारून ठेवा, नाहीतर कोल्हापुरात राजारामपुरी ते शाहूपुरी फिरण्यातच वेळ जातो.

मायग्रेनमध्ये मुंग्या बोटातनं हळूहळू कोपरापर्यंत, मग ओठापर्यंत चढतात आणि पॅरालिसिसच्या झटक्यात सगळं एकदम होतं, हे बरोबर आहे, पण तेवढ्यावर घरात निदान करू नका, नुसतं बघून डॉक्टरसुद्धा ठाम सांगत नाहीत.

घाबरून तोंडात काहीतरी कोंबणं पण नको. गिळता येत नसताना साखरपाणी पाजलं तर ते श्वासनळीत जातं, आणि मेंदूत रक्तस्राव असला तर ॲस्पिरिनच घात करते. शुगरचा पेशंट असेल तर मशिनवर शुगर मात्र बघा, ती उतरली तरी असंच होतं.

निदान झाल्यावरची चूक वेगळीच. "हे नेहमीचंच" म्हणून सोडून देतात. नवीन लक्षण, ताप, शुद्ध हरपणं, कधीच दुखलं नव्हतं असं एकदम डोकं, किंवा अशक्तपणा नेहमीपेक्षा जास्त वेळ टिकला, तर परत दवाखानाच. आणि भावकीतल्या कुणाची तरी गोळी मागून घेऊ नका. सुमाट्रिप्टन साध्या मायग्रेनला चालते, या प्रकारात डॉक्टर सहसा टाळतात. ऑरा (म्हणजे डोळ्यापुढं चमकणं, मुंग्या असली मायग्रेनची लक्षणं) येणाऱ्या बाईनं इस्ट्रोजेनवाल्या गर्भनिरोधक गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत, झटक्याचा धोका वाढतो. साधी पेनकिलरसुद्धा महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांच्या वर चाललं, तर तिच्यामुळंच डोकं दुखायला लागतं.

सगळं खापर तांबड्या रश्श्यावर फोडायची पण गरज नाही. वहिनींना बाधतं ते उपाशीपोटी उन्हातनं जोतिबाच्या खेट्याला चालत जाणं आणि जागरण, रस्सा नाही. हे कॅलेंडरवर अटॅकच्या तारखेपुढं "झोप नाही", "उपास" असं लिहायला लागल्यावर कळलं.

आणि पोरांकडं लक्ष ठेवा. हा प्रकार काही घराण्यांत जीन्समधनं येतो, तसा असेल तर प्रत्येक मुलाला यायची शक्यता ५० टक्के. पोरगी शाळेतनं येऊन "फळ्यावरची अक्षरं अर्धी दिसली" म्हणाली तर अभ्यास चुकवतीय म्हणू नका.

वहिनींच्या मोबाईलच्या कव्हरात आता एक चिठ्ठी असते: आजाराचं नाव, कुठली गोळी चालत नाही, न्यूरोलॉजिस्टचा नंबर, दादाचा नंबर. अटॅक आला की त्यांना स्वतःला बोलता येत नाही ना.