कुत्रा निरोगी आहे हे कसे ओळखावे

नाक ओले आणि गार असले म्हणजे कुत्रा ठणठणीत, असा समज आपल्याकडे घट्ट रुजला आहे. वास्तविक झोपेतून उठल्यावर किंवा उन्हात बसल्यावर निरोगी कुत्र्याचेही नाक कोरडे पडते आणि आजारी कुत्र्याचे ओले असू शकते. म्हणून नाकावर विसंबू नये, हिरड्या पाहाव्यात.

कुत्रा शांत बसलेला असताना त्याचा वरचा ओठ हलकेच उचलावा. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. तिच्यावर बोट दाबून सोडले की तेवढा भाग क्षणभर पांढरा पडतो आणि २ सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतो. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी. हिरड्या फिकट किंवा पिवळसर दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे. निळसर दिसल्यास क्षणभरही थांबू नये.

पुण्यात हे पाहणे अधिकच गरजेचे आहे, कारण वेताळ टेकडीसारख्या गवताळ जागी फिरणाऱ्या कुत्र्यांना गोचीड सहज लागतात आणि त्यांच्यामार्फत होणाऱ्या एर्लिकिया व बबेसिया या सूक्ष्म रोगजंतूंच्या संसर्गात ताप, मरगळ आणि फिकट हिरड्या ही लक्षणे दिसतात. फिरून आल्यावर कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली हात फिरवावा. रक्त पिऊन फुगलेला गोचीड एरंडीच्या बीसारखा बोटाला लागतो.

श्वास मोजायचा तो कुत्रा गाढ झोपलेला असताना. छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास धरावा. मिनिटाला साधारण १० ते ३० श्वास योग्य समजावेत. एप्रिलच्या उन्हात धाप लागणे स्वाभाविक आहे, परंतु सावलीत विसावल्यावरही ती ओसरली नाही, तर ते उष्माघाताचे लक्षण असू शकते. अंगाला हात लावून ताप कळत नाही. गुदद्वारात थर्मामीटर लावून घेतलेले १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे तापमान कुत्र्याच्या बाबतीत नेहमीचेच आहे. ते १०३ च्या वर गेल्यास डॉक्टरांना विचारावे आणि घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन ही माणसांची औषधे मुळीच देऊ नयेत, कारण ती कुत्र्याला विषासमान ठरू शकतात.

बरगड्या बोटांना सहज लागाव्यात, पण ठळक दिसू नयेत. शी बांधलेली असावी. आपल्या लाडामुळे अंगावर चढलेली चरबी हे सुदृढपणाचे लक्षण नव्हे, हे येथे आग्रहाने सांगावेसे वाटते.

या सर्व गोष्टी कुत्रा धडधाकट असतानाच पाहून वहीत टिपून ठेवाव्यात: हिरड्यांचा रंग, झोपेतले श्वास, वजन, रोजचे खाणे-पिणे. पुढे कधी तो मलूल दिसला, तर ही वही सोबत न्यावी. नेमके काय आणि केव्हापासून बदलले, हे डॉक्टरांना तिच्यावरून लगेच कळते.