पेठेतून महापालिकेला उभं राहताय? आधी यादी घेऊन जिने चढा

2017च्या फेब्रुवारीत मी पुण्याच्या पेठांतून अपक्ष उभी राहिले आणि सपाटून पडले. डिपॉझिटही गेलं. तरी अधूनमधून कुणीतरी चहाला बोलावून विचारतं, "ताई, वाड्यातल्या भाडेकरूंसाठी उभं राहायचंय, सुरुवात कुठून करू?" तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदाच लिहिते.

चार नगरसेवकांचा एक प्रभाग, आरक्षणाची सोडत, अर्जावरचे सूचक-अनुमोदक हे तुम्हाला माहीत आहे असं धरते. फक्त खर्चाचा हिशेब निकालानंतर तीस दिवसांत द्या, पडलात तरी. पडलेल्यालाच तो द्यायचा कंटाळा येतो, आणि मग अपात्रतेची नोटीस येते.

माझा मुद्दा साधा होता. वाड्यात पन्नास-पन्नास वर्षं राहिलेली माणसं पेठेतच राहावीत. मालकालाही मी खलनायक मानत नाही. दोन आकडी भाड्यावर कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ मिळते, त्यात कौलं बदलून होत नाहीत. मग भिंत फुगते, धोकादायक इमारतीची, कलम 264ची नोटीस लागते, वाडा रिकामा होतो आणि जागेवर वर्षानुवर्षं पत्रे उभे. शनिवारवाड्याभोवती तर स्मारकांच्या कायद्यात 2010 साली झालेल्या दुरुस्तीनंतर शंभर मीटरच्या आत नवं बांधकामच नाही, फक्त डागडुजी. त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगीच्या फेऱ्या.

यातलं नगरसेवकाच्या हातात किती? थोडं. भाडे नियंत्रण कायदा राज्याचा, भांडण लघुवाद न्यायालयात, स्मारकाची हद्द केंद्राची. तेव्हा "भाडी वाढू देणार नाही" असलं पत्रक छापू नका. मी छापलं होतं. एका निवृत्त कारकुनाने दारातच विचारलं, "कोणत्या कलमाखाली?" मी गप्प. बांधकाम परवानगी, विकास आराखडा, धोकादायक वाड्यांची पाहणी, मिळकतकर, एवढ्यावर बोला. पाडण्याआधी भाडेकरूंची नावं आणि प्रत्येकाचं क्षेत्रफळ लेखी नोंदवून घ्या, हा आग्रह धरलात तरी पुष्कळ झालं.

आता माझी फसगत, आणि ती मी सविस्तर सांगणार आहे.

मी तीन महिने भाडेकरूंच्या बैठका घेतल्या. सत्तर-ऐंशी माणसं जमायची, आज्या हात धरून रडायच्या. मला वाटलं, झालं काम. एका माजी नगरसेवकांना मी गुरू केलं होतं. ते म्हणाले, "यादीचं मी बघतो, तुम्ही फक्त फिरा." (निवडणुकीत "मी बघतो" म्हणणाऱ्या माणसापासून दहा हात लांब राहा. तो खरंच फक्त बघतो.) मतदानाच्या जेमतेम आठवडाभर आधी मी स्वतः यादी घेऊन बसले आणि पोटात गोळा आला. बैठकीला येणाऱ्यांपैकी निम्मे आमच्या प्रभागाचे मतदारच नव्हते. वाडा खाली केल्यावर कुणी धायरीला गेलं, कुणी कात्रजला. काहींनी नाव तिकडे नेलं होतं. काहींचं पाडलेल्या वाड्याचा पत्ता म्हणून वगळलं गेलं होतं. काही नावं रस्त्यापलीकडच्या प्रभागात पडली होती.

हे असं का होतं ते नीट समजून घ्या. महापालिकेची वेगळी मतदारयादी बनत नाही. ठरावीक तारखेची विधानसभेची यादी उचलतात आणि प्रभागांप्रमाणे फोडतात. मग प्रारूप यादीवर हरकती मागवतात. त्या हरकतीत चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव परत आणता येतं, विधानसभेच्या यादीत असून गळलेलं नाव घालता येतं. पण जे नाव मूळ यादीतच नाही, ते तिथे घालता येत नाही. कितीही आरडाओरडा करा. म्हणजे नमुना 6चं, नव्या नावनोंदणीच्या अर्जाचं, काम निवडणूक जाहीर व्हायच्या कितीतरी आधी संपलेलं असायला हवं.

आणि धायरीला गेलेल्यांना "नाव पेठेतच ठेवा" असं सांगू नका. सर्वसाधारण रहिवास जिथे, नाव तिथे. तुमच्या भल्या हेतूने एखाद्या आजोबांना खोट्या पत्त्यावर सही करायला लावलीत, तर तुमच्यात आणि बाकीच्यांत फरक काय राहिला?

मग प्रभागात उरतं कोण? नव्या इमारतींतले फ्लॅटमालक, ज्यांना भाव वाढलेलेच हवेत. आणि कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं भरून राहणारी एमपीएससीची मुलं. भाडेवाढीचा चटका सगळ्यात जास्त यांनाच, पण नावं गावच्या यादीत. ती मुलं इथं खरंच राहतात, नोंदणी इथं करू शकतात. मी अभ्यासिकेत गेलेच नाही, कारण "पोरं मत देत नाहीत" असं गुरूंनी सांगितलं होतं. तुम्ही जा. संध्याकाळी मेसच्या रांगेत उभे राहा, तिथे सगळे भेटतात.

घाबरवायला लिहीत नाहीये. वर्षभर आधी यादी घेऊन वाडा-वाडा चढलात तर अपक्षालाही आशा आहे. मात्र चार मतांच्या यंत्रावर लोक एकाच पक्षाच्या चौघांच्या पॅनेलचीच बटणं दाबत जातात, हे विसरू नका. फ्लेक्सवर पैसे घालवू नका, पेठेत फ्लेक्स वाचतात ते शुद्धलेखनाच्या चुका काढायला. आणि पडलात तर पडलात. पडल्यावर मी चार कुटुंबांच्या भाडेपावत्या शोधून फाईल लावून दिली, त्यातल्या दोघांना पुढे उपयोग झाला.

मतदानाच्या दिवशी आमच्या जुन्या वाड्यातल्या काकू धायरीहून दोन बस बदलून आल्या. केंद्रावर नाव नाही. मी तोंड लपवत होते. त्या म्हणाल्या, "अगं, आले तशी मंडईतून भाजी घेऊन जाते," आणि पिशवी झटकून रस्ता ओलांडून गेल्या.